लसीकरणानंतर आरोग्य कर्मचाऱ्यांच्या त्वचेवर उमटणाऱ्या प्रतिक्रिया : नोंद, निदान आणि पुढचा डोस

त्वचावैद्य (धागाकर्ता)

मी त्वचारोगतज्ज्ञ असून तालुक्याच्या ठिकाणी काम करतो. परिचारिका, प्रयोगशाळा तंत्रज्ञ, सफाई कर्मचारी, आशा सेविका यांच्यापैकी कोणी ना कोणी अधूनमधून दंड किंवा पाठ दाखवायला येते आणि प्रश्न ठरलेला असतो : हे लसीमुळे उठले आहे का, आणि तसे असेल तर पुढचा डोस घ्यायचा की नाही? हिपॅटायटिस-बी, धनुर्वात, फ्लू, कोविड अशा अनेक लसी या मंडळींना नोकरीचा भाग म्हणून घ्याव्या लागतात, त्यामुळे हा प्रश्न जुना झालेला नाही आणि होणारही नाही. त्याची नीट चर्चा मराठीत व्हावी म्हणून हा धागा काढत आहे.

या विषयातली सर्वांत मोठी माहिती कोविडच्या लसीकरणातून मिळाली, कारण बहुतेक देशांनी अगदी सुरुवातीच्या टप्प्यातच आरोग्य कर्मचाऱ्यांना लस दिली. आपल्याकडे १६ जानेवारी २०२१ रोजी मोहीम सुरू झाली तीही त्यांच्यापासूनच. एकाच व्यवसायातले लाखो प्रौढ लोक काही आठवड्यांत एकच लस घेतात आणि स्वतःच्या शरीरात काय घडते ते त्यांना नेमक्या शब्दांत सांगता येते, असे त्यापूर्वी क्वचितच घडले होते. बॉस्टन परिसरातील मास जनरल ब्रिगहॅम या रुग्णालय समूहाने आपल्या लस घेतलेल्या कर्मचाऱ्यांना लक्षणांची प्रश्नावली पाठवली. पहिल्या डोसनंतर ४०,६४० जणांनी ती भरली आणि त्यांपैकी ७७६ जणांनी, म्हणजे १.९ टक्के लोकांनी, त्वचेवर काहीतरी उठल्याचे कळवले. त्यात स्त्रियांचे प्रमाण ८५ टक्के होते. पहिल्या डोसनंतर त्रास झालेल्या आणि दुसऱ्या डोसनंतरही प्रश्नावली भरलेल्या ६०९ जणांपैकी ५०८ जणांना दुसऱ्या वेळी त्वचेचा कोणताही त्रास झाला नाही. माझ्या मते या संपूर्ण विषयातली सर्वांत उपयोगाची संख्या हीच आहे.

निदान करताना मी पुरळाच्या रंगरूपापेक्षा आधी वेळ विचारतो. लस घेतल्यापासून काही मिनिटांत ते फार तर चार तासांत अंगावर गांधी उठल्या, ओठ किंवा पापण्या सुजल्या, तर ती तात्काळ प्रकारची ॲलर्जी असू शकते आणि पुढच्या डोसाचा निर्णय तज्ज्ञाच्या सल्ल्यानेच घ्यावा लागतो. त्याच दिवशी चार ते बारा तासांत खांद्यापासून कोपरापर्यंत हात टरारून सुजला आणि ती व्यक्ती वारंवार धनुर्वाताची लस घेणारी असली, तर तो बहुधा आर्थस प्रकारचा दाह असतो. रक्तात प्रतिपिंडे आधीच भरपूर असताना पुन्हा तीच लस टोचल्याने तो होतो. दर किरकोळ जखमेनंतर इंजेक्शन घेण्याची आपल्या रुग्णालयांतली सवय त्याला कारणीभूत आहे, आणि असा दाह एकदा झाला की पुढची दहा वर्षे धनुर्वाताची लस पुन्हा घेऊ नये असा संकेत आहे. पहिल्या दोन-तीन दिवसांतला दंडाचा लालसरपणा आणि ठणका नेहमीचाच असतो, त्याबद्दल अधिक लिहीत नाही. साधारण आठवड्याने उठणारा चट्टा मात्र वेगळा असतो आणि गोंधळ सर्वांत जास्त तिथेच होतो. त्याविषयी ज्यांना प्रत्यक्ष अनुभव आहे त्यांनी कृपया लिहावे.

चार्ल्सकाठ

मी मूळची साताऱ्याची असून गेली अनेक वर्षे बॉस्टन परिसरात परिचारिका म्हणून काम करते. डिसेंबर २०२० च्या अखेरीस मला मॉडर्नाचा पहिला डोस मिळाला. दुसऱ्या दिवशी हात दुखला, मग पूर्ण बरा झाला, आणि आठवडा उलटल्यावर एका सकाळी अंघोळीच्या वेळी दंडाला खाज सुटली. पाहते तो तळहाताएवढा गरम, कडेने गडद आणि मध्ये थोडा फिका असा चट्टा, आणि तोही टोचल्याच्या खुणेपासून थोडा खाली. ताप नव्हता, गळून गेल्यासारखे वाटत नव्हते. आमच्या कक्षातल्या आणखी एका सहकारिणीला तसाच चट्टा उठला होता, आणि त्या वेळी त्याला काय म्हणायचे हे कोणालाच माहीत नव्हते. पुढे सगळे त्याला ‘कोविड आर्म’ म्हणू लागले. मी बर्फाचा शेक दिला, ॲलर्जीची साधी गोळी घेतली आणि चट्टा काही दिवसांत मावळला. दुसरा डोस मी दुसऱ्या हातावर घेतला.

इथल्या डॉक्टरांनी त्या वेळी ही प्रकरणे एकत्र करून छापली म्हणून आम्हाला पुष्कळ धीर आला. ते प्रकाशित होईपर्यंत रात्रपाळीतल्या मुली एकमेकींना फक्त फोटो पाठवत होत्या आणि दुसरा डोस घ्यावा की नाही यावर जागून चर्चा करत होत्या.

त्वचावैद्य

आपण वर्णन केले आहे ते अगदी नमुनेदार आहे. मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलच्या डॉ. किंबर्ली ब्लुमेंथाल, डॉ. एस्थर फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी मार्च २०२१ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये अशा १२ रुग्णांची माहिती दिली. चट्टा उठण्याचा मध्यक दिवस आठवा होता, कोणाला चौथ्या दिवशी उठला तर कोणाला अकराव्या. बाराही जणांनी दुसरा डोस घेतला. सहा जणांना पुन्हा काहीही झाले नाही, तिघांना पहिल्यापेक्षा सौम्य प्रतिक्रिया आली आणि तिघांना पहिल्याइतकीच. दुसऱ्या वेळी ती दुसऱ्या दिवसाच्या आसपासच उमटली, आठवडाभर थांबली नाही. त्वचेच्या तुकड्याच्या तपासणीत रक्तवाहिन्यांभोवती लिम्फोसाइट (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) जमलेल्या दिसल्या. या दोन गोष्टी एकत्र पाहिल्या की ही टी-पेशींची (या लिम्फोसाइटांपैकीच असतात), उशिराने उमटणारी प्रतिक्रिया असावी असे मानायला जागा मिळते : पहिल्या वेळी त्या पेशींना तयार व्हायला आठवडा लागतो, दुसऱ्या वेळी त्या तयारच असतात. तात्काळ ॲलर्जीशी आणि श्वास कोंडण्याच्या धोक्याशी या चट्ट्याचा संबंध नाही.

मॉडर्नाच्या मूळ चाचणीतही आठव्या दिवशी किंवा त्यानंतर उठणारी अशी प्रतिक्रिया पहिल्या डोसनंतर ०.८ टक्के आणि दुसऱ्या डोसनंतर ०.२ टक्के लोकांमध्ये नोंदलेली होती. माहिती उपलब्ध होती, पण लस टोचणाऱ्या आणि टोचून घेणाऱ्या कर्मचाऱ्यांपर्यंत ती सोप्या शब्दांत वेळेवर पोहोचली नव्हती.

पंचगंगा

मी कोल्हापूर जिल्ह्यात अधिपरिचारिका आहे. आपल्याकडे मोहिमेत कोविशील्ड आणि कोव्हॅक्सिन होत्या, मॉडर्ना नव्हतीच, त्यामुळे वरच्या प्रकारचा चट्टा मी क्वचित पाहिला. परंतु जो पाहिला त्याला बहुतेक वेळा ‘पू होतोय’ असे समजून प्रतिजैविक सुरू केलेले असायचे. मी एक साधी पद्धत पाळते. चट्ट्याच्या कडेने बॉलपेनने रेघ ओढायची, रेघेशेजारी तारीख आणि वेळ लिहायची आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पाहायचे. रेघेबाहेर लाली वेगाने पसरत असेल, ताप असेल, दाबल्यावर खाजेऐवजी सडकून दुखत असेल, तर जंतुसंसर्गाचा विचार करायचा. खाजच जास्त असेल आणि कड रेघेच्या आत सरकत असेल तर थांबायचे. एका कक्षसेविकेच्या दंडावर अशा एकात एक तीन निळ्या रेघा झाल्या होत्या, प्रत्येक रेघ आधीच्या रेघेच्या आत. ते पाहून तिच्या घरच्यांची काळजी जितकी कमी झाली तितकी माझ्या बोलण्याने झाली नव्हती.

दुसरा मुद्दा असा की आमच्या अंगावर लसीशिवायही बरेच काही उठत असते. २०२१ मध्ये पीपीई किट घालून तासन्‌तास घामात उभे राहायचे, हातमोज्यांतली पावडर, रबराची ॲलर्जी, दिवसभर सॅनिटायझर, कपाळाला आणि नाकाला मुखपट्टीच्या कडा. त्यात लस घेतली की पुढच्या पंधरवड्यातले प्रत्येक पुरळ लसीच्या नावावर जाते. पुरळ नेमके कुठे आहे ते पाहिले तर यातले बरेच सुटते : मनगटाला रेघ आखल्यासारखे संपणारे पुरळ हातमोज्याचे असते.

गणिती_वाचक

मी वैद्यकीय क्षेत्रातला नाही, सांख्यिकी शिकवतो. वर दिलेल्या आकड्यांनुसार पहिल्या डोसनंतर त्रास झालेल्यांपैकी सुमारे १७ टक्के लोकांनाच दुसऱ्या डोसनंतर पुन्हा त्रास झाला. पण अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या नोंदवहीवर आधारलेल्या लेखात हेच प्रमाण ४३ टक्के दिले असल्याचे मी वाचले आहे. दोन्ही अभ्यास त्याच वर्षीचे आहेत आणि लसीही त्याच आहेत. सामान्य वाचकाने यातले कोणते प्रमाण धरायचे?

त्वचावैद्य

प्रश्न अतिशय योग्य आहे आणि त्याचे उत्तर थोडे सविस्तर द्यावे लागेल.

ती नोंदवही अमेरिकन ॲकॅडमी ऑफ डर्मेटॉलॉजी आणि आंतरराष्ट्रीय त्वचारोग संघटनांच्या महासंघाने मिळून चालवली. जगभरातील डॉक्टर आणि आरोग्य कर्मचारी तिच्यात स्वतःहून प्रकरणे कळवत असत. पहिल्या लेखात ४१४ प्रकरणे होती, त्यांपैकी ८३ टक्के मॉडर्नानंतरची. दोन्ही डोसांची माहिती असलेल्या १८० जणांपैकी ३८ जणांना फक्त पहिल्या वेळी, ११३ जणांना फक्त दुसऱ्या वेळी आणि २९ जणांना दोन्ही वेळी त्रास झाला होता. पहिल्या वेळी त्रास झालेले एकूण ६७, त्यांपैकी २९ म्हणजे ४३ टक्के. गणित बरोबर आहे, पण हे ६७ लोक आले कुठून ते पाहा. ज्याचा चट्टा मोठा होता, वेगळा होता, जो डॉक्टरकडे गेला आणि ज्याच्या डॉक्टरला तो कळवण्याजोगा वाटला, तोच नोंदवहीत आला. ज्याला दोन्ही वेळा उठले तो कळवला जाण्याची शक्यता आणखी जास्त. लस घेतलेले एकूण किती, हे अशा नोंदवहीला कधीच सांगता येत नाही. बॉस्टनच्या पाहणीत मात्र काहीच न झालेल्यांनीही ‘काही झाले नाही’ असे लिहून पाठवले होते, म्हणून प्रमाण काढायचे तर ते तिथूनच काढावे. त्या पाहणीतही उणीव आहे : लोकांनी स्वतः लिहिलेले आहे, पुरळ तपासून कोणी पाहिलेले नाही, आणि साध्या खाजेलाही त्यात जागा मिळाली आहे. उलट नोंदवहीत कोणकोणत्या प्रकारचे पुरळ उठू शकते याचे वर्णन तपशिलात मिळते.

एक गोष्ट मात्र दिलासा देणारी आहे. नोंदवहीतल्या त्या लेखात पहिल्या डोसनंतर त्वचेचा त्रास झालेल्या कोणालाही दुसऱ्या डोसनंतर गंभीर प्रतिक्रिया आली नाही.

स्पेनमधल्या त्वचारोगतज्ज्ञांनी ४०५ प्रकरणे प्रत्यक्ष तपासून मांडली, त्यात मॉडर्ना आणि फायझरबरोबर ॲस्ट्राझेनेकाची लसही होती. आपली कोविशील्ड त्याच रचनेची असल्यामुळे हा अभ्यास आपल्याला अधिक जवळचा आहे. टोचल्या जागेचा दाह सुमारे ३२ टक्के, अंगावर पित्त उठणे १४.६ टक्के आणि नागीण किंवा हर्पिस पुन्हा डोके वर काढणे १३.८ टक्के अशी विभागणी त्यांना आढळली. ही टक्केवारी पुरळ उठलेल्यांमधली आहे, लस घेतलेल्यांमधली नाही. वर्तमानपत्रांत हा फरक वारंवार पुसला गेला आणि त्यामुळे लोक घाबरले, याचे मला मनापासून वाईट वाटते.

इंद्रायणी

माझी बहीण आरोग्य सेविका आहे. कोविशील्डच्या पहिल्या डोसनंतर तिसऱ्या दिवशी तिच्या पोटावर आणि मांड्यांवर पित्त उठले. आईने आमसुलाचे पाणी लावले, थोडा आराम पडला, मग डॉक्टरांनी लेव्होसेट्रिझिन दिले. तिने हे कामावर सांगितले तेव्हा वरिष्ठांनी ‘आता नोंद करू नका, गावात कळले तर कोणी लस घ्यायला येणार नाही’ असे सांगितले. ती गप्प बसली. दुसऱ्या डोसच्या वेळी तिला भीती वाटत होती आणि ती कोणालाही विचारू शकत नव्हती, कारण कागदावर तिला काही झालेलेच नव्हते. दुसऱ्या डोसनंतर काहीही झाले नाही, हे खरे. पण ते बारा-तेरा आठवडे तिने ज्या धास्तीत काढले ते टाळता आले असते. ती स्वतः रोज घरोघर जाऊन लोकांना ‘घाबरू नका’ म्हणत होती.

पंचगंगा

इंद्रायणी, आपल्या बहिणीला झाले तसे अनेकींच्या बाबतीत झाले आहे. यात मला आणखी एक गोष्ट सांगायची आहे. गावात बातमी पसरायची ती पसरतेच. सेविकेच्या अंगावर उठलेले शेजारणीला दिसते, आणि सेविका ‘काही नाही’ म्हणाली की शेजारीण तिच्या पुढच्या प्रत्येक बोलण्यावर शंका घेते. ‘मला उठले होते, नोंद केली, औषध घेतले, दुसरा डोसही घेतला’ असे सांगणाऱ्या आशाताईंच्या पाड्यावर लस घेण्यासाठी लोक जास्त आल्याचे मी पाहिले आहे.

त्वचावैद्य

पंचगंगा यांच्याशी मी पूर्ण सहमत आहे. लसीकरणानंतरच्या प्रतिकूल घटनेची नोंद करणे म्हणजे लसीवर आरोप करणे नव्हे. नोंद झाल्यावर कार्यकारणभाव ठरवण्याची वेगळी पद्धत आहे आणि त्यात ‘लसीशी सुसंगत’, ‘अनिश्चित’, ‘योगायोगाने घडलेली’ असे निष्कर्ष निघतात. गंभीर घटना २४ तासांच्या आत जिल्हा पातळीवर कळवायची असते, सौम्य घटनाही नोंदवहीत चढायला हवी. वरिष्ठ तयार नसतील तर भारतीय औषध दक्षता कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर कोणीही, अगदी रुग्ण स्वतःही, कळवू शकतो. कळवताना लसीचे नाव, बॅच क्रमांक, टोचल्याची आणि पुरळ उठल्याची वेळ, त्या काळात घेतलेली इतर औषधे आणि उजेडात काढलेला फोटो इतके असले की पुरे. आपल्या सावळ्या त्वचेवर लाली जांभळट किंवा नुसती काळपट दिसते, म्हणून ‘लाल नाही’ एवढ्यावर ‘दाह नाही’ असे ठरवू नये. हात लावून उष्णता आणि कडकपणा पाहावा.

औषधनिर्माता_नाशिक

पुरळ उठले की ‘लसीतल्या केमिकलने उठले’ असे सर्रास म्हटले जाते, म्हणून थोडे लिहितो. फायझर आणि मॉडर्नाच्या लसींत पॉलिएथिलीन ग्लायकॉल असते. कोविशील्डमध्ये ते नाही, पॉलिसॉर्बेट ८० आहे. कोव्हॅक्सिनमध्ये ॲल्युमिनिअम हायड्रॉक्साइडचे जेल आहे. ज्यांना पूर्वी या घटकांमुळे तीव्र ॲलर्जी झाली आहे त्यांनी ते आधी सांगायलाच हवे. मात्र पेनिसिलिनने पुरळ उठते, कोळंबीने पित्त उठते, धुळीने शिंका येतात, एवढ्यावर लस नाकारण्याचे कारण नाही. ८ डिसेंबर २०२० रोजी ब्रिटनमध्ये लसीकरण सुरू झाले त्याच दिवशी तिथल्या आरोग्य सेवेतल्या दोन कर्मचाऱ्यांना तीव्र ॲलर्जी झाली. दोघांनाही तीव्र ॲलर्जीचा पूर्वेतिहास होता आणि दोघेही ॲड्रिनॅलिनचे इंजेक्शन जवळ बाळगत असत. दोघेही बरे झाले. आपल्याकडे लसीनंतर अर्धा तास बसवून ठेवायचे ते याच कारणासाठी. दुर्दैवाने त्या अर्ध्या तासात पित्त उठून धाप लागली तरी पुष्कळ ठिकाणी आधी एव्हिल (ॲलर्जीचे औषध) आणि हायड्रोकॉर्टिझोन (स्टेरॉइड) शोधले जाते, ॲड्रिनॅलिन नाही.

त्वचावैद्य

ही शेवटची ओळ प्रत्येक लसीकरण केंद्राच्या भिंतीवर लागावी असे मला वाटते. गांधी उठल्या आणि त्याबरोबर धाप, घशात आवळल्यासारखे, उलट्या किंवा रक्तदाब घसरणे यांपैकी काही असेल, तर पहिले औषध ॲड्रिनॅलिन : प्रौढांमध्ये ०.५ मिलिग्रॅम, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत. बाकीची औषधे नंतर. भीतीने भोवळ आलेल्याची त्वचा पांढरी पडते, गार आणि घामट होते, नाडी मंद लागते, आणि आडवे करून पाय उचलले की माणूस सावरतो. तीव्र ॲलर्जीत त्वचा बहुधा तापते, खाजते, गांधी दिसतात आणि नाडी वेगाने धावते. काही रुग्णांत त्वचेवर काहीच दिसत नाही, म्हणून केवळ त्वचेवर विसंबू नये. हे सारे फार दुर्मीळ आहे : बॉस्टनच्या त्याच रुग्णालय समूहात ६४,९०० कर्मचाऱ्यांपैकी १६ जणांना तीव्र ॲलर्जी झाली आणि सर्व बरे झाले.

शिकाऊ_परिचारिका

सर, मी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. हिपॅटायटिस-बीच्या दुसऱ्या डोसनंतर दोन आठवड्यांनी माझ्या पाठीवर एक मोठा गुलाबी, कडेला कोंडा असलेला चट्टा आला आणि मग लहान लहान पुष्कळ आले. खाज फार नाही. वसतिगृहातल्या मैत्रिणी गजकर्ण म्हणतात आणि माझा टॉवेल वेगळा ठेवायला सांगतात. तिसरा डोस घेऊ की नको?

त्वचावैद्य

प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय निश्चित सांगणे योग्य नाही, परंतु आधी एक मोठा आणि नंतर बरगड्यांच्या दिशेने तिरकी रांग धरलेले लहान अंडाकृती चट्टे, हे वर्णन पिटिरिअ‍ॅसिस रोझिया या विकाराशी जुळते. तो तुमच्या वयात लस न घेताही होतो, लसीनंतर उठल्याच्या नोंदीही आहेत, आणि साधारण सहा ते आठ आठवड्यांत आपोआप जातो. गजकर्णाची शंका कोंडा खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यास त्याच दिवशी मिटते, तेवढी तपासणी तुमच्याच महाविद्यालयाच्या रुग्णालयात करून घ्या. तोपर्यंत कोणाच्या सांगण्यावरून स्टेरॉइड मिसळलेली बुरशीची ट्यूब लावू नका, कारण ते गजकर्ण निघाले तर चिघळते आणि नंतर ओळखूही येत नाही. पिटिरिअ‍ॅसिस रोझिया ठरल्यास टॉवेल वेगळा ठेवण्याची गरज नाही.

तिसरा डोस पहिल्यापासून सहा महिन्यांनी असतो, तोवर हे चट्टे गेलेले असतील. आधीच्या डोसनंतर तीव्र ॲलर्जी झाली असेल किंवा यीस्टची तीव्र ॲलर्जी असेल तरच ही लस टाळतात, आणि तुम्हाला यांपैकी काही झालेले दिसत नाही. म्हणून तिसरा डोस वेळेवर घ्या, देणाऱ्याला या पुरळाची तारखेसह माहिती द्या, आणि त्यानंतर एक-दोन महिन्यांनी रक्तातली प्रतिपिंडे तपासून घ्या. ती १० एककांच्या वर असली की सुई टोचण्याच्या अपघातात तुम्हाला हिपॅटायटिस-बीपासून संरक्षण आहे, असे धरून वॉर्डात काम करता येईल.